दुधातली गोळी

चष्मा घरी राहिला म्हणून ती परत आली, दुसरं काही कारण नव्हतं. बसस्टॉपवर उभी होती, वळणावर बस दिसली, पाटीवरचा नंबर वाचायला डोळे बारीक करावे लागले, तेव्हा कुठे लक्षात आलं की नाकावर काही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असली चूक शोभत नाही, आणि तिला तर नाहीच नाही. तिचं सगळं काम बारीक दोऱ्याच्या गाठींचं. बस सोडून दिली, आल्या पावली घरी आली, स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं आणि चपला न काढताच आतल्या खोलीकडे निघाली, तर वाटेत स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं. आई पाठमोरी. ओट्यावर एक चमचा, त्यात बाबांची सकाळची गोळी. दुसऱ्या चमच्याच्या पाठीनं आई ती चुरत होती, अगदी मन लावून. चुरा कपात टाकला. मग डबा उघडून पावडरीचे दोन चमचे, चांगले शीग लावून. वर दूध. ढवळलं, पुन्हा ढवळलं, गुठळी राहिली नाही ना ते पाहिलं, आणि तान्ह्या मुलाचं दूध बघतात तसा एक थेंब मनगटावर टाकून बघितला. मग कप घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. तिथे खिडकीपाशी बाबांना खुर्चीत बसवलेलं असे. “घ्या हं,” असं आई म्हणाली ते इतक्या मऊ आवाजात, की घरात कुणी पाहुणा आलाय की काय असं क्षणभर वाटलं.

तिनं चष्मा उचलला आणि दार ओढून घेतलं. ओढताना आवाज होऊ दिला नाही. का होऊ दिला नाही, हा प्रश्न तिला जिन्यात पडला. पुढच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बसल्यावर तिनं वाट पाहिली. आता काहीतरी व्हायला हवं होतं. छातीत धडधड, घशात आवंढा, नाहीतर निदान राग तरी. बाहेर दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस फूटपाथवर बादलीभर पाणी फेकून झाडूनं ढकलत होता, सिग्नलला शेजारच्या बसमधली बाई तोंड उघडं टाकून झोपली होती. हे सगळं चष्म्यातून स्वच्छ दिसत होतं. आत काहीच हललं नाही. आलं ते एवढंच, की आज सहा पिशव्या बांधायच्या आहेत आणि जाड दोरा संपत आलाय.

घरात तिला मोठी म्हणत. मागून एक धाकटा होता. तो शिक्षणाच्या निमित्तानं परगावी गेला तो तिकडचाच झाला. फोनवर ‘काही लागलं तर सांग’ म्हणायचा आणि काही लागलं की नेमकी त्याची मीटिंग असायची. मोठीनं लग्न केलं होतं, ते टिकलं नाही. भांडण नाही, तंटा नाही; नवरा एवढंच म्हणाला की तुझ्याशी बोललेलं कुठे पोचतच नाही, भिंतीला चेंडू मारला तर निदान परत तरी येतो. तिला ते पटलं होतं. पटलं हेही तिनं त्याला सांगितलं होतं, आणि तो बिचारा आणखीच खचला होता. मग ती आईबाबांकडे राहायला आली, आणि बाबांचे हात कंपवातानं थरथरू लागले तेव्हा ‘बरं झालं मोठी घरात आहे’ असं सगळ्यांनी म्हटलं. घरात ती होती हे खरं. सकाळी सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची आणि दिवेलागणीला परत यायची, तेवढ्या मधल्या वेळेत घरात काय चालतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

ती आतड्यांचं काम करायची. असं सांगितलं की लोक एक तर नाक मुरडत, नाहीतर स्वतःच्या पोटाच्या तक्रारी घेऊन बसत. तिचं काम तक्रारींचं नव्हतं. औषधाची कंपनी होती, आणि नवीन औषध आतड्याच्या भिंतीतून आरपार जातं की नाही ते ती बघायची. पांढऱ्या उंदराचं लहान आतडं, थंड पाण्यानं आतून धुतलेलं. ते काचेच्या गुळगुळीत कांडीवर चढवायचं आणि मोजा उलटा करतात तसं उलटं करायचं, म्हणजे आतली लव बाहेर येते. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोन्ही टोकांना दोऱ्याच्या गाठी, आत थोडं साधं पाणी. अशी इवली पिशवी औषधाच्या कोमट पाण्यात सोडायची, खालून प्राणवायूचे बुडबुडे. बाहेरचं औषध आत किती आलं ते नंतर मोजायचं. उंदीर केव्हाच मेलेला असे, पण त्याच्या आतड्याला ते कोणी सांगितलेलं नसे. ते आपलं काम करत राही, समोर येईल ते उचलून आत घेत राही, आणि तासाभरानं मग एकदम थकून सैल पडे. त्यानंतर सगळंच आरपार वाहू लागतं, निवड राहत नाही. तेव्हाचे आकडे धरायचे नसतात. इतकी वर्षं हे करून तिची बोटं इतकी सरावली होती की कंपनीतले साहेब पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी आणत. “आमच्या बाई आतडं उलटं करतात आणि तोंडावरची सुरकुती हलत नाही,” असा त्यांचा ठरलेला विनोद होता. पाहुणे हसत. ती पुढची गाठ मारत असे.

पाहुण्यांना समजावून सांगायचं कामही तिच्याकडेच. तेही आता पाठ झालं होतं. पोटात गेलं म्हणजे अंगात गेलं असं नसतं, असं ती सुरू करायची. घशापासून खालपर्यंत जी लांबलचक नळी आहे ती खरं तर बाहेरच आहे, अंगाच्या आत वळवलेला रस्ता म्हणा. घर वेगळं, भिंतीपलीकडे. भिंतीत दारं आहेत आणि दारं चोखंदळ आहेत. डाळ खा नाहीतर मांस, प्रोटीन म्हणजे मण्यांच्या लांब माळा; पोट त्या तोडतं. सुटा मणी एका दारानं आत जातो. दोन मण्यांचा किंवा तीन मण्यांचा तुकडा असेल तर त्याला वेगळं दार आहे, तिथे तो अख्खाच्या अख्खा आत घेतला जातो. चार मण्यांचा आला की मात्र नाही, आणखी तुटून या म्हणतं. या दोन-तीन मण्यांच्या दाराची गंमत अशी की ते फार भोळं आहे. काही औषधं दिसायला अशा तुकड्यासारखी असतात, तर त्यांनाही ते अन्न समजून आत घेतं. आमचं सगळं पोट त्या भोळेपणावर चाललंय, असं ती शेवटी म्हणायची. इथे पाहुणे पुन्हा हसायचे.

तो पावडरीचा डबाही त्यांच्याच कंपनीचा. आतड्याला कष्ट नकोत म्हणून प्रोटीन आधीच दोन-दोन, तीन-तीन मण्यांत तोडून ठेवलेलं, आजारी माणसांसाठी. ते किती झपाट्यानं भिंतीपलीकडे जातं हे तिनंच पिशव्या बांधून बांधून दाखवलं होतं. बाबा वाळत चालले, आई म्हणाली ह्यांचं खाल्लेलं अंगीच लागत नाही, तेव्हा हिनंच ऑफिसातून डबा आणून ओट्यावर ठेवला. असे डबे कामावरच्यांना दर महिन्याला मिळत. आणि बाबांची गोळी? ती गोळी म्हणजे स्वतःच एक मणी. सुट्या मण्यांच्या दारानं आत जाणारी, आणि पुढे मेंदूच्या उंबरठ्यावर पुन्हा त्याच तऱ्हेचं दार. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर दिली की दार मोकळं असतं, ती निवांत आत जाते आणि माणूस सुटतो, हातपाय त्याचे त्याला परत मिळतात. प्रोटीनबरोबर दिली की मण्यांची ही झुंबड, आणि गोळी बाहेरच तिष्ठत राहते. आधीच तोडून ठेवलेल्या प्रोटीनबरोबर तर विचारायलाच नको. गर्दी एकदम आत शिरून रक्तात भरते, आणि मेंदूच्या दारीही गोळीच्या आधी तीच उभी. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नव्या येणाऱ्यांना ती हे शिकवायची. उदाहरण म्हणून हीच गोळी द्यायची, बाबांची. आणि ‘ही आमच्या घरी आहे’ हे वाक्य तिच्या तोंडात तेव्हा कधी आलं नव्हतं, कारण मनातही आलं नव्हतं.

सोमवारी बाबांना दवाखान्यात दाखल करायचं होतं. गोळ्या आता लागू पडत नाहीत, डॉक्टर म्हणाले होते. वाढवून पाहिल्या, बदलून पाहिल्या, दिवसभर लाकूडच. आता पोटाला भोक पाडून एक बारीक नळी थेट लहान आतड्यात सोडायची आणि कमरेला बांधलेल्या पंपानं औषध तिथे पोचवत राहायचं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर आतड्यातल्याच, असं म्हणून ते हसले होते. तिनं मान डोलावली होती. नळीची जाडी विचारली होती. रात्री थोडे सुटतात, झोपायच्या आधी पलंगापर्यंत चालतात, हेही तिनं सांगितलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की या आजारात असं कधीकधी असतं. त्यावरही तिनं मान डोलावली. आज टेबलापाशी बसून तिसरी पिशवी बांधताना तिला ते वाक्य आठवलं, रात्री थोडे सुटतात. दोरा ओढताना गाठ नेहमीपेक्षा घट्ट बसली आणि आतडं कापलं गेलं. साहेबांनी मान वर करून बघितलं. तिनं तो तुकडा टाकून दिला, दुसरा घेतला.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. पोरं त्यांना शिट्टीमास्तर म्हणत, आणि सगळ्या मैदानात चिडीचूप करायला त्यांना शिट्टीसुद्धा पुरी वाजवावी लागत नसे, नुसती ओठांशी नेली की पुरे. घरात ती खुंटीला असायची. घरात ते फक्त ‘सावधान’ म्हणत, आणि तेही हळू. म्हटलं की ज्यानं त्यानं जिथल्या तिथे थांबायचं; हातातलं हातात, तोंडातलं तोंडात. ‘विश्राम’ म्हणेपर्यंत. हात त्यांनी कधी कुणावर उचलला नाही. हे ते चारचौघांत अभिमानानं सांगत आणि ते खरंही होतं. लहानपणी मोठीला आणि धाकट्याला तो खेळच वाटायचा, कोण जास्त वेळ न हलता राहतो याचा, आणि मोठी दर वेळी जिंकायची. आईही त्या खेळात आहे हे त्यांना फार उशिरा कळलं. एकदा आई उकळतं दूध उतरवत होती. पातेलं फडक्यानं धरून उचललं आणि दारातून तो आवाज आला. कारण काय होतं ते आता कुणालाच आठवत नाही. भाजीतलं मीठ, शर्टाची घडी, शेजारणीशी हसून बोलणं, असलंच काहीतरी. आई पातेलं धरून उभी राहिली. फडकं पातळ होतं. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मोठी टेबलापाशी पाढे लिहीत होती. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून तीही थांबली, आणि आईच्या बोटांकडे बघता बघता एक गोष्ट शिकली ती जन्माची पुरली. आत कुठेतरी एक खटका असतो. तो दाबला की सगळं दिसतं, पण लागत काही नाही. ‘विश्राम’ म्हटल्यावर आईनं पातेलं ओट्यावर ठेवलं, नीट ठेवलं, थेंब सांडू दिला नाही, आणि मगच हात नळाखाली धरला. दोन बोटांची कातडी अजून गुळगुळीत आहे. सकाळी चमच्याच्या पाठीवर टेकवलेली बोटं तीच होती.

संध्याकाळी घरी आली तर आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पुढच्या खोलीत बाबा खुर्चीत, डोळे उघडे, हनुवटी छातीला टेकलेली. मोठी आईशेजारी बसली, तिनं एक टॉवेल घेतला. गोळी कशातून देतेस, तिनं विचारलं, ऑफिसात एखाद्याला आकडा विचारावा तसं.

“दुधातून. पावडर घालून,” आई म्हणाली. “तूच तर आणलीस ना ती.”

“आणि रात्रीची?”

“रात्रीची पाण्याबरोबर.”

“रात्रीचीच पाण्याबरोबर का?”

आईनं उशीचा अभ्रा झटकला, कडा जुळवल्या. “रात्री पलंगापर्यंत चालावं लागतं त्यांना. मला म्हातारीला उचलवतंय का?”

यात लपवाछपवी काही नव्हती. भांडं कुठल्या फळीवर ठेवायचं ते सांगावं तसं आईनं सांगितलं. मग घडी मांडीवर तशीच धरून ती हळूहळू बोलत राहिली. पहिल्यांदा सहज झालं होतं म्हणे. गोळी कडू लागते म्हणून ते थुंकायचे, तर एक दिवस दुधात घातली. त्या दिवशी ते शांत बसले. दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर दिली तर उठून कपाटं तपासत हिंडले, डब्यांची झाकणं सरळ केली, आणि ती पोळी लाटत होती तर मागे येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत. आवाज तसाही कुठे उरलाय. नुसते उभे राहिले. पोळी तव्यावर जळली, तिच्यानं उलथवली गेली नाही. मग पुन्हा दूध. “दुधातून दिली की जिथे बसवलं तिथे बसतात गं,” आई म्हणाली. “मी काही वाईट नाही दिलं कधी. दूधच देते.”

सोमवारी पोटात नळी घालणार आहेत, मोठी म्हणाली. गोळी लागत नाही म्हणून घालणार आहेत. आई म्हणाली, मला ते कोणी विचारलेलं नाही, तू शिकलेली आहेस, तू सांग डॉक्टरांना. सांगितलं तर दूध बंद होईल, मोठी म्हणाली. आईनं एक शर्ट ओढून घेतला. शर्टाची बटणं लावली, बाह्या मागे दुमडल्या, बाबांना लागायची तशी चौकोनी घडी घातली.

“आणखी थोडे दिवस चाललं असतं,” ती म्हणाली आणि कपडे घेऊन उठली.

शनिवारी मोठीला सुट्टी होती. सकाळची गोळी तिनं दिली. पाणी, रिकामं पोट, पुस्तकात आहे तसं. असं करण्यात तिच्या मनात काही थोर होतं असं समजू नये. एक गोष्ट चुकीची चालली होती ती तिनं बरोबर केली, उलटा मोजा सुलटा करावा तशी. बाबांनी गोळी निमूट घेतली आणि कपाकडे नजर टाकली, मग तिच्याकडे. ती समोर स्टूल ओढून बसली आणि बघत राहिली. आधी बोटं सुटली. मग खांदा. चेहऱ्यावर ताणून बसवलेलं काहीतरी सैल झालं आणि त्याखालून तिचे बाबा वर आले, तेच, भुवयांत उभी आठी असलेले. ते खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले, शर्ट खाली ओढला, कॉलर बघितली आणि चालू लागले. सपातांचा आवाज पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत गेला. मोठी मागून गेली.

आई गॅसपाशी होती, पाठमोरी. भाजीचं पातेलं फडक्यानं धरून तिनं उचललेलं होतं, आणि सपाता स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. ‘सावधान’ कोणी म्हटलं नाही. आई थांबली. पातेलं हातात, मान किंचित खाली, खांदे कानांपाशी. वाफ तिच्या तोंडावर येत होती. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि तिच्या पाठीकडे बघत होते, आणि मोठीला बाजूनं त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांचे ओठ हलले. “विश्राम,” ते म्हणाले. आवाज इतका पुसट की मोठीला हातभर अंतरावरून जेमतेम ऐकू आला. आईला ऐकूच गेला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. शेवटी मोठीच पुढे झाली, आईच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. फडकं जाड होतं, बोटांना काही झालं नव्हतं. आईनं दोघांकडेही न बघता पिशवी घेतली, चपला घातल्या आणि भाजी आणते म्हणून गेली. भाजी घरात होती.

ती लवकर आली नाही. बाबा स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. हात मोकळे होते, पाय मोकळे होते, आणि त्या मोकळ्या हातापायांचं करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ओट्यावरचे डबे त्यांनी एका ओळीत लावले. मग ते दाराकडे बघत बसले. मोठीनं त्यांना वर्तमानपत्र आणून दिलं, त्यांनी ते उघडलं नाही. असं करता करता गोळीचा अंमल उतरत गेला. आधी चेहरा मिटला, मग हात मांडीवर ठेवले ते तिथेच राहिले. दुपारची गोळी मोठीच्या हातात होती, पाण्याचा पेलाही. त्यांनी ओठ उघडले नाहीत. मिटलेल्या दारासारखे घट्ट. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि नाद सोडला.

आई आली तेव्हा ते पुरते थिजलेले होते. आईनं दारातूनच अंदाज घेतला, पिशवी ठेवली, पदरानं तोंड पुसलं. मोठी मधल्या खोलीत पाय वर घेऊन पडली होती. झोपली आहे असं आईला वाटलं असावं. आईनं बाबांच्या शेजारी स्टूल घेतलं, त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली, त्यांचा एक हात आपल्या मांडीवर घेऊन नखं कापू लागली आणि बोलू लागली. बाजारात कोण भेटलं, खालच्या मजल्यावरच्यांच्या सुनेचा पाय कसा मुरगळला, धाकट्याचा फोन आला तर या खेपेला त्याला चांगलं झापायचं. तुम्ही त्या वर्षी सहलीला सगळ्या पोरांना रांगेत उभं केलंत आणि नेमकी तुमचीच विजार उसवलेली, आठवतंय का, आणि ती हसली, तोंडावर हात न ठेवता. मोठीनं डोळे किलकिले करून बघितलं. आईला असं हसताना तिनं पाहिलं नव्हतं, निदान आठवत तरी नव्हतं. “एवढं बोलू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं?” आई म्हणाली, रागानं नाही, आणि पुढचं बोट धरलं. बाबांची मान हलत नव्हती. डोळे मात्र तिच्या हातांबरोबर फिरत होते, एका नखावरून दुसऱ्या नखावर.

रविवारी आई अंघोळीला गेलेली असताना मोठी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यापुढे बसली. रात्रीच्या झोपेनं त्यांचं अंग थोडं सुटलं होतं. जीभ हलत होती. त्यांनी पेला बघितला आणि मान अगदी थोडी, डावीकडे उजवीकडे केली.

“दुधातून,” ते म्हणाले.

दुधातून ती लागत नाही बाबा, तिनं सांगितलं. हळू, एकेक शब्द, पाहुण्यांना सांगायची तसं. की गर्दी होते, गोळी बाहेर राहते, तुम्ही उगाच असे बसून राहता. ते तिच्याकडे बघत होते. भुवयांमधली आठी होती, पण ती जुनी नव्हती; वर्गात पोरगं सोपी गोष्ट पुन्हा पुन्हा चुकलं की मास्तरांची होते तशी होती.

“माहीत आहे,” ते म्हणाले. श्वास घेतला. पुढचं वाक्य जुळवायला त्यांना फार कष्ट पडले. ओठ आधी हलले, आवाज मागून आला. “दुधातून दिली… की तुझी आई… जवळ बसते.”

मोरीत पाणी पडत होतं. मोठी पेला धरून बसली होती. घरातल्या तिघांना एकच गोष्ट माहीत होती, आणि तिची स्वतःची माहिती सगळ्यांत जास्त होती, आणि ती सगळ्यांत शेवटी पोचली होती. लाज वाटली. वाटली हे तिला कळलं, म्हणून ती थोडी दचकली.

ती उठली आणि आधी डॉक्टरांना फोन लावला. नळी नको, ती म्हणाली, उद्या येत नाही. गोळी कशी घेतली जाते त्यात घोटाळा होता, तो आमच्या ध्यानात आलाय. मग आता पाण्याबरोबर देताय ना, डॉक्टरांनी विचारलं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. घरी बघून ठरवू, ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं दूध गॅसवर ठेवलं. दोन चमचे घेतले. एकात गोळी ठेवून दुसऱ्याच्या पाठीनं चुरली. आई करते तितकी बारीक तिला जमली नाही, सरावलेली बोटं असून. पावडरीचे दोन चमचे, शीग लावून. ढवळलं, गुठळी राहिली नाही ना ते पाहिलं. अंघोळीचं पाणी बंद झालं आणि आईनं आतून विचारलं, कोण आहे गं ओट्यापाशी. मी आहे, ती म्हणाली.

एक थेंब तिनं मनगटावर टाकला. भाजलं. चांगलंच भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबेना. कप तिनं खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून दूध निवायची वाट बघत ती तिथेच उभी राहिली.